क्वार्टरबॅक कोण, हा नंतरचा प्रश्न

महाविद्यालयीन अमेरिकन फुटबॉलमध्ये २९ नोव्हेंबर २०२५ ला मिशिगन विद्यापीठाच्या अ‍ॅन आर्बरच्या मैदानावर ओहायो स्टेट विद्यापीठाने मिशिगनला २७-९ असे हरवले. त्यानंतर वर्ष बदलले, तरी आमच्याकडचा वाद शमलेला नाही. डेट्रॉइटच्या पश्चिमेला कॅन्टन, नोव्हाय, फार्मिंग्टन हिल्स या गावांत मोटारउद्योगात काम करणारी मराठी घरे पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या अनेकांची मुले मिशिगन विद्यापीठात शिकलेली आहेत किंवा शिकत आहेत. त्यामुळे यंदा संक्रांतीला एका घरी तिळगूळ हातावर पडतो न पडतो तोच विषय निघाला: मिशिगनचा क्वार्टरबॅक, म्हणजे चाली सुरू करणारा मुख्य खेळाडू, ब्राइस अंडरवुड याला ठेवायचे की बदलायचे? एका बाजूचे म्हणणे असे, की नुकत्याच शाळेतून आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाच्या हाती संघ देणे हीच घोडचूक होती. ओक्लाहोमाविरुद्ध २४ पैकी ९ पास पूर्ण झाले तेव्हाच ती उघडी पडली होती, आणि आता तरी बाहेरून एखादा मुरलेला खेळाडू आणावा. दुसऱ्या बाजूचा सूर हळवा होता: "काका, पोरगा आहे हो तो अजून, त्याला कशाला बोलता?" दोष सगळा प्रशिक्षकांचा होता, ते गेले, आता पुढच्या हंगामात सारे आपोआप सुरळीत होईल.

मला या दोन्ही बाजू पटत नाहीत, आणि त्यांच्या निष्कर्षापेक्षाही वाद घालण्याची त्यांची रीत मला अधिक खटकते. दोघेही संघाची प्रगती एकाच माणसावरून मोजतात, आणि पट्टी वापरतात ती शेवटच्या शनिवारची. माझे मत असे आहे: अंडरवुडला पहिल्या सामन्यापासून खेळवण्याचा निर्णय योग्य होता, तो दर पराभवानंतर नव्याने उकरून काढण्याजोगा नव्हता आणि आजही नाही, आणि मिशिगनचा संघ पुढे गेला की मागे, याचे उत्तर त्या एका मुलाच्या आकड्यांत शोधणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

ज्यांचा या खेळाशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. हा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे; अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळत किंवा फेकून पुढे सरकण्याचा हा अमेरिकन खेळ आहे. चार प्रयत्नांत, म्हणजे चार 'डाउन'मध्ये, दहा यार्ड पुढे जावे लागते. जवळजवळ प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातातून सुरू होते, म्हणून कॅमेरा आणि प्रेक्षक दोघांचीही नजर त्याच्यावर खिळलेली असते. क्रिकेटमध्ये गोलंदाजाने चेंडू सोडला की त्या क्षणी फलंदाज एकटा असतो, आणि चुकला तर चूक बहुधा त्याचीच असते. क्वार्टरबॅकला असा एकटेपणा कधीच लाभत नाही. पास फेकायला त्याला साधारण अडीच-तीन सेकंद मिळतात आणि तीही त्याची स्वतःची कमाई नसते. त्याच्यापुढे उभे राहिलेले पाच धिप्पाड लाइनमन ती त्याला मिळवून देतात. त्यांतल्या एकाचा पाय अर्धे पाऊल आत पडला की कडेने घुसलेला बचावपटू क्वार्टरबॅकच्या दृष्टीच्या टोकाशी दिसू लागतो, त्याचे वजन मागच्या पायावर जाते, चेंडू हातभर उंच सुटतो, आणि एक लाख लोक म्हणतात, "याला फेकताच येत नाही!" ज्या लाइनमनचा पाय चुकला त्याचे नाव त्यांतल्या कितीजणांना ठाऊक असते?

मिशिगनच्याच ताज्या इतिहासात याचा पुरावा आहे, आणि तो मी डोळ्यांनी पाहिला आहे. २१ सप्टेंबर २०२४ ला यूएससी, म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात मी मुलीबरोबर मैदानात होतो. मिशिगन २०-२४ ने मागे, शेवटची काही मिनिटे उरलेली, आणि समोर ८९ यार्डांचे अंतर. क्वार्टरबॅक होता अ‍ॅलेक्स ओर्जी, ज्याने त्या संपूर्ण दुपारी पास करून जेमतेम ३२ यार्ड मिळवले. चेंडू घेऊन पळतच पुढे जाणार हे आम्हाला ठाऊक होते, यूएससीला ठाऊक होते, आमच्या पुढच्या रांगेतल्या दहा वर्षांच्या पोरालाही ठाऊक होते. तरीही कलेल मलिंग्ज ६३ यार्ड पळत सुटला, आणि शेवटी चौथ्या डाउनला, एक यार्ड उरलेला असताना, घड्याळात ३७ सेकंद शिल्लक असताना, तोच चेंडू घेऊन रेषेपलीकडे पडला. अ‍ॅल्युमिनियमच्या बाकांवर आपटणाऱ्या हजारो पायांचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. तो सामना क्वार्टरबॅकने जिंकला का? ओर्जीने जिंकला असे त्याच्या आईलाही म्हणता आले नसते. समोरच्याला सगळे ठाऊक असूनही त्याला ढकलून पुढे जाण्याची ताकद लाइनमध्ये होती, म्हणून तो सामना जिंकला.

त्याच वर्षाच्या शेवटी, ३० नोव्हेंबरला, ओहायो स्टेटच्या कोलंबस शहरात याहून मोठा चमत्कार झाला. मिशिगनचा क्वार्टरबॅक डेव्हिस वॉरन याने दिवसभरात ६२ यार्डांचे पास केले आणि दोन चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात दिले. तरी मिशिगनने ओहायो स्टेटला १३-१० असे हरवले. मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट या बचावफळीतल्या दोघांनी मधली वाट बंद करून टाकली होती. पुढे एप्रिलमध्ये व्यावसायिक संघांनी त्यांना पाचव्या आणि तेराव्या क्रमांकावर निवडले. आता याच हंगामातली क्वार्टरबॅकची अदलाबदल पाहा. सुरुवात वॉरनने केली, मग ओर्जी आला, मग जॅक टटल, मग पुन्हा वॉरन. प्रत्येक बदलाच्या आधी चाहत्यांनी तोच बदल मागितला होता, आणि प्रत्येक बदलानंतर पंधरवड्यात आधीचा खेळाडू बरा वाटू लागला होता. पासचा खेळ यातल्या एकाही बदलाने सुधारला नाही. हंगाम वाचला तो जे अकरा-बारा जण बदलले नाहीत त्यांच्यामुळे.

यावर जे आक्षेप घेतले जातात ते लेचेपेचे नाहीत. पहिला आक्षेप अलाबामाचा. ८ जानेवारी २०१८ ला राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यात जॉर्जियाविरुद्ध अलाबामा मध्यंतराला ०-१३ ने मागे होता. प्रशिक्षक निक सेबन यांनी दोन वर्षे संघ चालवलेल्या जेलन हर्ट्सला बसवले आणि तुआ टंगोवायलोआ या पहिल्या वर्षाच्या मुलाला उतरवले. त्याने अतिरिक्त वेळेत ४१ यार्डांचा पास फेकून सामना २६-२३ असा जिंकून दिला. दुसरा आक्षेप क्लेम्सनचा. २०१८ मध्ये चार सामने जिंकल्यानंतर, एकही न हरता, डॅबो स्विनी यांनी केली ब्रायंटच्या जागी ट्रेव्हर लॉरेन्सला आणले आणि संघ पंधराही सामने जिंकून (१५-०) अजिंक्य ठरला. तिसरा तर आमच्या घरचाच. २०२१ मध्ये ज्या केड मॅकनमाराने ओहायो स्टेटला हरवले आणि मिशिगनला परिषदेचे, म्हणजे आपल्या विद्यापीठगटाचे, अजिंक्यपद मिळवून दिले, त्याला पुढच्याच वर्षी प्रशिक्षक जिम हार्बॉ यांनी बाजूला करून जे. जे. मॅकार्थीला पुढे केले. मॅकार्थीने २८ सामन्यांची सुरुवात केली आणि त्यांतला एकच हरला. तेव्हा "बदलू नका" हा नियम असता तर २०२३ चे राष्ट्रीय अजिंक्यपद आले असते का? बहुधा नसते. हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

पण मुळात मी बदलाच्या विरोधात नाही. माझा विरोध हेलकाव्यांना आहे. वरच्या तिन्ही उदाहरणांत काय समान आहे ते पाहावे. तिन्ही वेळा बदल एकदाच, एकाच दिशेने झाला आणि मागे फिरला नाही. तिन्ही वेळा तो प्रशिक्षकाने सरावात महिनोन्महिने पाहिलेल्या गोष्टींवरून केला, गॅलरीतल्या आरोळीवरून नाही. आणि तिन्ही संघांची लाइन आणि बचाव आधीच देशात पहिल्या रांगेत होते. त्यांना हवा होता तो शेवटचा तुकडा. हार्बॉ यांनी तर रीतच उघड ठेवली होती: पहिला सामना मॅकनमाराचा, दुसरा मॅकार्थीचा, मग निर्णय. हवाईविरुद्ध मॅकार्थीचे १२ पैकी ११ पास पूर्ण झाले, निर्णय झाला, आणि वर्षभर पुन्हा तो विषय निघाला नाही. आणि बदलाची किंमत? क्लेम्सनमध्ये ब्रायंट लगेचच संघ सोडून गेला. त्याच आठवड्यातल्या सिरॅक्यूजविरुद्धच्या सामन्यात लॉरेन्स पूर्वार्धातच जखमी होऊन बाहेर पडला, आणि चेस ब्राइस या जवळजवळ अनोळखी मुलाला चौथ्या चरणात, म्हणजे सामन्याच्या शेवटच्या पाव भागात, ९४ यार्ड संघ नेऊन २७-२३ असा सामना वाचवावा लागला. तो चौथ्या डाउनवरचा एक पास चुकला असता, तर आज स्विनी यांचा तोच निर्णय घाईचे उदाहरण म्हणून सांगितला गेला असता. निकालावरून निर्णयाची किंमत ठरवण्यात हाच धोका आहे.

हेलकाव्यांचे सर्वात बोलके उदाहरण अ‍ॅन आर्बरमध्येच घडले आहे आणि दुर्दैवाने इथले लोकच ते चुकीच्या अर्थाने सांगतात. १९९९ मध्ये प्रशिक्षक लॉइड कार यांच्यापुढे दोन क्वार्टरबॅक होते. एक कॅलिफोर्नियाहून आलेला, आदल्या वर्षी संघ चालवलेला टॉम ब्रेडी. दुसरा जवळच्याच ब्राइटन गावचा, शाळेपासून नावाजलेला ड्रू हेन्सन. घरचा मुलगा म्हणून लोकांचे प्रेम हेन्सनवर होते. कार यांनी दोघांनाही न्याय द्यायचा म्हणून पहिले चरण ब्रेडीला, दुसरे हेन्सनला, आणि उत्तरार्धात कोण ते मध्यंतराला ठरवायचे, अशी वाटणी केली. पाच सामने जिंकले. मग मिशिगन स्टेटविरुद्ध उत्तरार्ध हेन्सनला दिला, संघ १७ गुणांनी मागे पडला, ब्रेडीला परत आणावे लागले, आणि त्याने जवळजवळ सगळी पिछाडी भरून काढूनही सामना ३१-३४ असा गेला. पुढच्याच आठवड्यात ब्रेडीने तीनशेहून अधिक यार्डांचे पास केले आणि मग कुठे संघ पूर्णपणे त्याच्याकडे आला. वर्षाचा शेवट त्याने ऑरेंज बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात अलाबामाला ३५-३४ असे हरवून केला. त्या सामन्यात त्याचे ३६९ यार्ड आणि थेट गुणरेषेपलीकडे पोचवणारे चार टचडाउन पास होते.

ही गोष्ट सांगणारे पुढे म्हणतात, "बघा, जगातला सर्वश्रेष्ठ क्वार्टरबॅक समोर होता आणि लोकांना कळला नाही." हा धडा खोटा आहे. तो व्यावसायिक संघांनाही कळला नाही. २००० च्या निवडीत ब्रेडीचा क्रमांक १९९ वा होता. भविष्यात कोण थोर ठरेल हे ओळखण्याची जबाबदारी कार यांच्यावर नव्हतीच. खरा धडा त्या वाटणीत आहे. एका चरणात क्वार्टरबॅकच्या हाती संघ दोन-तीनदा येतो. एवढ्यावर कोणाचे काय मोजणार? चूक केली तर बसवतील या भीतीने दोघेही सावध खेळणार, चेंडू झेलणाऱ्यांना दर चरणाला वेगळ्या हाताचा वेग अंगवळणी पाडावा लागणार, आणि शेवटी ज्या तुलनेसाठी हा खटाटोप केला तीच अशक्य होणार. सहा-सात सामने दोघांना तोलत राहूनही कार यांना जे कळले नाही, ते ब्रेडीला एकट्याला सलग संघ दिल्यावर लख्ख दिसले.

अंडरवुडविषयीचा सर्वात वजनदार आक्षेप मात्र मला ओहायो स्टेटकडूनच मिळतो. त्यांचा क्वार्टरबॅक ज्युलियन सेइन हाही २०२५ च्या हंगामात पहिल्यांदाच संघ चालवत होता, आणि २९ नोव्हेंबरला आमच्याच मैदानावर, आमच्याच आरडाओरड्यात, त्याने तीन टचडाउन पास फेकले. फरक एवढाच की २०२४ चे वर्ष तो विल हावर्डच्या मागे बसून शिकला होता. मग अंडरवुडलाही एक वर्ष का नाही बसवले? प्रश्न रास्त आहे. पण कोणाला मागे बसवायचे तर त्याच्या पुढे कोणीतरी उभे असावे लागते. वॉरनच्या गुडघ्याचा अस्थिबंध ३१ डिसेंबर २०२४ च्या बोल सामन्यात फाटला होता. फ्रेस्नो स्टेटहून आणलेला मिकी कीन दुखापतीमुळे वसंतातल्या सरावात पूर्ण उतरू शकला नव्हता. हातात असलेल्यांपैकी सर्वात चांगला खेळाडू अठरा वर्षांचा असेल, तर त्याचे वय हे त्याला न खेळवण्याचे कारण कसे होईल? अनुभवी पर्यायाची तजवीज आधीच्या हिवाळ्यात पुरेशी झाली नाही, ही टीका मी मान्य करतो आणि ती व्हायलाच हवी. पण ती संघबांधणीवरची टीका आहे. ऑगस्टमध्ये जे समोर होते त्यातून अंडरवुड निवडण्यात चूक नव्हती.

शाळेतून थेट आलेल्या मुलाने संघ चालवला की काय होते, याचीही मिशिगनमध्ये दोन उदाहरणे आहेत आणि ती एकमेकांच्या विरुद्ध टोकांची आहेत. २००४ मध्ये मॅट गुटिएरेझचा खांदा दुखावल्याने चॅड हेनी हा पहिल्या वर्षाचा मुलगा ऐनवेळी उभा राहिला. संघ रोज बोलपर्यंत पोचला आणि तिथे टेक्सासकडून एका गुणाने, ३७-३८ असा, हरला. पुढच्या वर्षी तोच हेनी, एका वर्षाने मोठा आणि शहाणा, आणि संघाचा निकाल ७-५! तेव्हाही हेनी खुंटला, संघ खुंटला, अशी हाकाटी झाली. त्याच्या पुढच्या वर्षी, २००६ मध्ये, ओळीने अकरा सामने जिंकून मिशिगन देशात दुसऱ्या क्रमांकावर ओहायो स्टेटविरुद्ध उतरला. दुसरे उदाहरण टेट फोर्सिएचे. २००९ मध्ये त्याने पहिले चारही सामने जिंकले, नोत्र दामला ३८-३४ हरवले, त्याचे नाव घराघरांत पोचले. मग उरलेल्या आठांपैकी सात सामने गेले आणि तो दुबळ्या डेलावेअर स्टेटवरचा विजय सोडला तर हाती काही लागले नाही. पुढच्या हंगामात डेनार्ड रॉबिन्सनने त्याची जागा घेतली. दोघेही गुणी होते. पण हेनीच्या पुढे जेक लाँगसारखा, पुढे देशात पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला, लाइनमन उभा होता आणि ब्रेलन एडवर्ड्ससारखा झेलणारा होता. फोर्सिएच्या पाठीशी जो बचाव होता तो दर आठवड्याला ढीगभर गुण देत होता, म्हणजे त्या पोराला दर सामन्यात पिछाडी भरून काढण्यासाठीच खेळावे लागे. त्याच्या वयाला दोष देणारे त्या बचावाचे नाव काढत नाहीत.

आता पोर्टलचा, म्हणजे खेळाडूंना विद्यापीठ बदलू देणाऱ्या सोयीचा, मुद्दा. "हा जुना काळ राहिला नाही," असे माझ्या पिढीला तरुण मंडळी सांगतात आणि त्यांचे खरे आहे. २०२१ पासून खेळाडू एक वर्ष न थांबता दुसऱ्या विद्यापीठात जाऊन लगेच खेळू शकतो. वाट पाहण्याचे बक्षीस दुसऱ्यालाच मिळण्याची भीती आज खरी आहे, आणि तयार क्वार्टरबॅक दर हिवाळ्यात बाजारात उपलब्ध असतो. त्यांचे हुकमी उदाहरण म्हणजे शेजारचे इंडियाना. कॅलिफोर्निया विद्यापीठातून आलेल्या फर्नांडो मेंडोझाने २०२५ च्या हंगामात सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचे हाइजमन पारितोषिक मिळवले आणि संघाला एकही पराभव न पत्करता राष्ट्रीय अजिंक्यपदापर्यंत नेले. २०२३ मध्ये जे ३-९ होते त्यांनी दोन वर्षांत हे केले, मग आम्हीच का थांबायचे? पण ही हकिगत अर्धी सांगितली जाते. प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी २०२४ मध्ये इंडियानात आले तेव्हा त्यांनी आपल्या जुन्या संघातले, एकमेकांची सवय असलेले अनेक खेळाडू बरोबर आणले. लाइन आणि बचाव आधी उभे केले. त्या पहिल्या वर्षी क्वार्टरबॅक मेंडोझा नव्हताच, कर्टिस रॉर्क होता, आणि तरीही संघ ११-२ होता. उलट मेंडोझा आदल्या वर्षी ज्या संघातून खेळत होता त्याचा निकाल होता ६-७. दोन वर्षांत दोन वेगळे क्वार्टरबॅक एकाच चौकटीत आले आणि दोघेही फुलले; तोच माणूस दुसऱ्या चौकटीत होता तेव्हा संघ निम्मे सामनेही जिंकू शकला नव्हता. इंडियानाचे उदाहरण माझ्या विरोधकांचे नाही, माझे आहे.

पैशाचा मुद्दाही टाळता येण्याजोगा नाही. १ जुलै २०२५ पासून विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदला देतात, आणि अंडरवुडसारख्याला मिळणारी रक्कम आपल्यातल्या बहुतेकांनी आयुष्यभरात कमावलेल्या रकमेहून मोठी असेल. मग त्याला पोर म्हणून पाठीशी घालणे हा दुटप्पीपणा नव्हे का? आहे, असे मी हळव्या बाजूला सांगतो. पैसे घेऊन काम करणाऱ्याच्या कामाची चिकित्सा होणारच. त्याने मोकळ्या झेलणाऱ्याला पाहिलेच नाही, चेंडू फार वेळ हातात धरून ठेवला, पहिल्या पर्यायावरून दुसऱ्याकडे नजर वळवायला उशीर केला, हे बोलायलाच हवे. त्यातच त्याचा मान आहे. पण "हा कुचकामी आहे, काढा याला" ही चिकित्सा नव्हे. त्यात कोणती चूक, कोणत्या डाउनला, कोणामुळे, यातले एकही उत्तर नाही. रक्कम मोठी म्हणून शेरा मोघम चालतो, असे कोणत्या कामाच्या जागी मान्य होईल?

तर मग प्रगती झाली की नाही? २०२४ मध्ये ८-५, २०२५ मध्ये ९-४. एका विजयाची भर, पण त्यावर समाधान मानणाऱ्यांशी मी सहमत नाही. ओक्लाहोमा, यूएससी, ओहायो स्टेट, टेक्सास: चारही मोठ्या परीक्षांत संघ हरला, आणि चारही वेळा दहापेक्षा जास्त गुणांनी. हे आकडे कोणत्याही युक्तिवादाने झाकता येत नाहीत. प्रश्न इतकाच, की ते कशाचे आकडे आहेत? यूएससीने १३-३१ हरवले तेव्हा त्यांचा राखीव धावपटू, शिष्यवृत्तीविना संघात आलेला मुलगा, आमच्या बचावातून दीडशेहून अधिक यार्ड पळाला. तिथे आमचा क्वार्टरबॅक मैदानाबाहेर बाकावर बसलेला असतो. आदल्या वर्षी जिथे ग्रॅहम आणि ग्रँट उभे होते तिथून ही वाट फुटली होती. आक्रमणात संघाचा मुख्य धावपटू जस्टिस हेन्स मिशिगन स्टेटच्या सामन्यात पाय दुखावून हंगामाला मुकला, आणि त्यानंतर पर्ड्यूला २१-१६ व नॉर्थवेस्टर्नला २४-२२ असे हरवतानाच दमछाक झाली. पळण्याची भीती उरली नाही की बचाव मागे सरकून पासची वाट पाहतो, आणि अठरा वर्षांच्या डोळ्यांपुढे मोकळी जागा उरत नाही. २९ नोव्हेंबर त्या महिनाभराच्या घसरणीचा शेवट होता.

शेवटच्या शनिवारच्या पट्टीने मोजणाऱ्यांना मी दोन तारखा आठवून देतो. २०२० चा हंगाम मिशिगनने २-४ असा संपवला, तेव्हा हार्बॉ यांना काढा म्हणणारे इथे बहुसंख्य होते. विद्यापीठाने त्यांचे मूळ वेतन जवळपास निम्मे करून त्यांना ठेवले. पुढच्या तीन वर्षांत तीनदा ओहायो स्टेटवर विजय, तीनदा परिषदेचे अजिंक्यपद आणि एक राष्ट्रीय अजिंक्यपद. त्या वर्षांवर प्रतिस्पर्ध्यांच्या चालींच्या खुणा चोरून टिपण्याच्या प्रकरणाचा डाग आहे आणि तो मी लपवत नाही. पण त्या लाइनची ताकद कोणत्याही खुणांमधून आलेली नव्हती. दुसरी तारीख कोलंबसची. मिशिगनकडून १०-१३ हरल्यावर ओहायो स्टेटच्या चाहत्यांना प्रशिक्षक रायन डे नकोसे झाले होते, आणि हावर्डमुळे संघ कधी जिंकणार नाही असे ते ठामपणे सांगत होते. त्यानंतर ५१ दिवसांनी, २० जानेवारी २०२५ ला, त्याच हावर्डने नोत्र दामविरुद्ध पहिले तेराही पास पूर्ण केले आणि डे यांनी राष्ट्रीय अजिंक्यपद उचलले. ५१ दिवसांत हावर्डचा हात बदलला होता का?

उरली हळवी बाजू, जिला वाटते की प्रशिक्षक बदलले म्हणजे काम झाले. शेरॉन मूर डिसेंबरात मैदानाबाहेरच्या कारणावरून गेले आणि उटाहमध्ये २१ हंगाम काढलेले काइल व्हिटिंगहॅम आले. या निवडीने मला धीर आला, कारण उटाहमधली त्यांची ओळखच दणकट लाइन आणि चिवट बचाव ही होती; २००८ च्या हंगामात त्यांचा संघ १३-० होता आणि शुगर बोलमध्ये त्याने अलाबामाला ३१-१७ असे हरवले होते. पण नवे प्रशिक्षक म्हणजे नव्या चाली, नवी परिभाषा, नवे इशारे. वर्षभर जे घोकले ते विसरून पुन्हा पहिल्यापासून शिकायचे, ही कोणत्याही क्वार्टरबॅकवर सर्वात जड जाणारी गोष्ट असते. सप्टेंबरात मिशिगनचा पासचा खेळ अडखळला तर मला आश्चर्य वाटणार नाही, आणि तेव्हा आज हळवे असलेले हेच लोक "दुसरा आणा" म्हणणाऱ्यांत सामील होतील अशी मला काळजी वाटते.

ओक्लाहोमाचा संघ यंदा सप्टेंबरमध्ये अ‍ॅन आर्बरला येणार आहे. आमची तिकिटे नेहमीप्रमाणे कोपऱ्यातल्या वरच्या रांगांत असतील, जिथून चेंडू धड दिसत नाही, पण लाइन अगदी सरळ दिसते. तिसऱ्या डाउनला अंडरवुड मागे सरकेल तेव्हा मी डाव्या टोकाच्या लाइनमनच्या पायांकडे पाहत असेन. मुलीलाही तेच पाहायला सांगितले आहे.